कायद्याला आव्हान द्यायचंय? आधी कागद, मग नागपूर, दिल्ली शेवटी

नवा शासन निर्णय निघाला आणि त्यात गावाचं किंवा एखाद्या कास्तकाराचं नुकसान दिसलं, की पहिली धाव पोस्टाकडे असते. सह्यांचं निवेदन तयार होतं. एक प्रत राष्ट्रपतींना, एक सरन्यायाधीशांना, एक आमदारसाहेबांना. मग माणूस तालुक्याला येतो आणि सांगतो, "वकीलसाहेब, दिल्लीले कागद धाडला, आता पाहू." तोवर एसडीओंच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांच्या) आदेशावरच्या अपिलाची मुदत निघून गेलेली असते आणि हातात पोस्टाच्या पावतीशिवाय काहीच नसतं.

तालुका कोर्टात बसून हे वारंवार बघावं लागतं, आणि दरवेळी जीव हळहळतो, कारण यातल्या काही लोकांची बाजू खरोखर मजबूत असते. ती क्रम चुकल्यामुळे पडते. म्हणून कायदा, नियम किंवा शासन निर्णय कोर्टात तपासून घ्यायचा असेल तर कोणत्या क्रमाने जावं, ते इथे दिलं आहे. तपासणारे न्यायाधीश कसे नेमले जातात हेही मध्ये येईल, कारण त्याबद्दलच्या गैरसमजातूनही प्रकरणं बिघडतात.

१. हातात नेमकं काय आहे ते ओळखा

"कायदा रद्द करायचा आहे" म्हणणाऱ्या बहुतेकांच्या हातात कायदा नसतोच, एखादं परिपत्रक असतं. फरक असा:

अधिनियम म्हणजे संसदेने किंवा विधिमंडळाने केलेला कायदा. नियम आणि अधिसूचना सरकार काढतं, पण अधिनियमाने दिलेल्या अधिकारात, आणि त्या राजपत्रात छापून येतात. शासन निर्णय आणि परिपत्रक ही खात्याची प्रशासकीय सूचना. आणि आदेश म्हणजे तहसीलदार, एसडीओ किंवा कलेक्टरांनी तुमच्या प्रकरणात सही करून दिलेला कागद.

संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये "कायदा" या शब्दात नियम, अधिसूचना, उपविधी, आदेश हे सगळं धरलं आहे, त्यामुळे यातल्या कशालाही आव्हान देता येतं. पण प्रत्येकाला पाडण्याची वाट वेगळी. अधिनियम पाडायचा तर संविधानाचाच आधार लागतो. नियम मूळ अधिनियमाच्या बाहेर गेला असेल तर तेवढं दाखवून भागतं. शासन निर्णय अधिनियमाच्या किंवा नियमाच्या विरोधात असेल तर तो टिकत नाही. म्हणजे जितका कागद खालचा, तितकं काम सोपं. ज्याला नुसता शासन निर्णय पाडून न्याय मिळतो, त्याने अख्खा अधिनियम अंगावर घेऊ नये.

शासन निर्णय वाचायची एक पद्धत आहे. लोक थेट खाली जातात आणि रक्कम किंवा अट बघतात. तुम्ही वरून सुरू करा. विभागाचं नाव, क्रमांक आणि दिनांकाच्या खाली "वाचा" किंवा "संदर्भ" असा मथळा असतो. तिथे आधीचे शासन निर्णय, अधिसूचना, कधी अधिनियमाचं नाव ओळीने दिलेलं असतं. खरी किल्ली तिथे आहे. त्यातला प्रत्येक कागद काढा. मग "प्रस्तावना" वाचा, सरकारने हे का केलं ते तिथे लिहिलेलं असतं आणि पुढे कोर्टात सरकारला तेच कारण धरून बोलावं लागतं. त्यानंतर "शासन निर्णय" या मथळ्याखालचे मुद्दे. शेवटी "राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने" ही ओळ आणि सही आहे का ते बघा. प्रत राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून संकेतांक टाकून उतरवा. व्हॉट्सॲपवर फिरणारी प्रत फाइलला लावू नका, तिच्यात पानं गळालेली असतात.

तपासा: तुमच्या कागदानंतर दुसरा शासन निर्णय किंवा शुद्धिपत्रक निघालं आहे का? असेल तर आव्हान त्याला द्यावं लागेल.

२. अडचण कायद्याची आहे की अंमलबजावणीची?

इथे सगळ्यात जास्त माणसं चुकतात. कायदा चांगला आहे, पण साहेबांनी चुकीचा लावला, ही तक्रार असेल तर कायद्याच्या वैधतेचा प्रश्न येतच नाही. तिथे अपील करायचं असतं.

गडचिरोली-चंद्रपूरकडचं नेहमीचं उदाहरण घ्या. वनहक्काचा दावा उपविभागीय समितीने फेटाळला. माणूस म्हणतो, वनहक्क कायदाच खोटा. अहो, २००६ च्या त्याच कायद्यात जिल्हास्तरीय समितीकडे ६० दिवसांत दाद मागायची सोय दिली आहे. ती सोडून हायकोर्टात गेलात तर पहिला प्रश्न हाच येईल की तिकडे का गेला नाहीत. सरपंच किंवा सदस्याच्या अपात्रतेचंही तसंच. कलेक्टरांचा आदेश झाला की त्यावर अपील आहे. महसुलाच्या प्रकरणात जमीन महसूल संहितेखाली अपील आणि पुनरीक्षण आहे.

याला अपवाद आहेत. मूळ कायद्याची वैधताच प्रश्नात असेल, अधिकाऱ्याला अधिकारच नसेल, किंवा म्हणणं ऐकूनच घेतलं नसेल, तर अपिलाचा मार्ग असूनही हायकोर्ट याचिका ऐकू शकतं. अधिनियम वैध की अवैध हे तहसीलदार किंवा कलेक्टर ठरवू शकत नाहीत, त्यांना तो अधिकार नाही.

सावध: शंका असेल तेव्हा अपील मुदतीत दाखल करून ठेवा. याचिकेचं नंतर बघता येतं, पण गेलेली मुदत मागता मागता वर्ष निघून जातं.

३. पाडण्याचं कारण शोधा

आपल्याकडे कुठलंही न्यायालय नवा कायदा झाला म्हणून आपणहून सगळी कलमं तपासायला बसत नाही. कुणीतरी प्रकरण आणावं लागतं आणि कारण सांगावं लागतं. शिवाय कायदा वैध आहे असं गृहीत धरूनच सुनावणी सुरू होते. तो अवैध आहे हे दाखवण्याचं ओझं तुमच्यावर.

"हा कायदा शेतकऱ्याच्या हिताचा नाही" हे कारण चालत नाही. धोरण शहाणपणाचं आहे की नाही हे कोर्ट ठरवत नाही, ते निवडणुकीत ठरतं. चालणारी कारणं थोडी आहेत.

पहिलं, कायदा करणाऱ्याला तो विषयच दिलेला नव्हता. सातव्या अनुसूचीत केंद्राची, राज्याची आणि समवर्ती (म्हणजे दोघांची सामाईक) अशा तीन याद्या आहेत. जमीन राज्याच्या यादीत, तर वनं १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती यादीत. आपला विषय कुठल्या यादीत बसतो ते आधी बघायचं.

दुसरं, मूलभूत हक्काचा भंग. समानतेचा अनुच्छेद १४ बहुतेक याचिकांत असतो, पण नुसता आकडा लिहून चालत नाही. तुमच्यासारखाच दुसरा गट कोणता, त्याला काय मिळालं, तुम्हाला का नाही, आणि हा भेद करायला सरकारकडे सबळ कारण का नाही, हे एकेक करून मांडावं लागतं. उघड मनमानी हेही स्वतंत्र कारण आहे. २०१७ च्या तीन तलाक प्रकरणात ते ठामपणे मांडलं गेलं.

तिसरं, संविधानातल्या दुसऱ्या एखाद्या तरतुदीचा भंग. आणि चौथं, नियम किंवा अधिसूचना मूळ अधिनियमाच्या बाहेर जाणं.

विदर्भातल्या गावांना जवळचं असं एक प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ च्या कलम १२ मध्ये इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा राखीव होत्या. जिथे अनुसूचित जाती-जमातींच्या जागा आधीच जास्त, तिथे २७ टक्के मिळवल्यावर एकूण आरक्षण पन्नासच्या वर जात होतं. वाशिम, अकोला, नागपूर या जिल्हा परिषदांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ४ मार्च २०२१ ला निकाल लागला. न्यायालयाने ते कलम पाडलं नाही. संकुचित करून वाचलं: २७ टक्के ही कमाल मर्यादा समजायची, आणि तीही सगळं मिळून पन्नास टक्क्यांच्या आत. शिवाय स्वतंत्र आयोगाने गोळा केलेली माहिती लागेल, प्रमाण त्या त्या स्थानिक संस्थेपुरतं ठरवावं लागेल, या २०१० च्या घटनापीठाच्या (पाच न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाच्या) निकालातल्या अटी पाळाव्या लागतील. जास्तीच्या जागांवर निवडून आलेल्यांची पदं गेली आणि तिथे पुन्हा निवडणूक झाली.

यातून घ्यायचं ते असं. मागणी लिहिताना "कलम रद्द करा" एवढंच लिहू नका. पर्यायी मागणी म्हणून "किंवा ते अमुक अर्थाने मर्यादित करून वाचावं" हेही लिहा. कोर्टाला शक्यतो कायदा वाचवायचा असतो, त्याला तशी वाट दिली तर तुमचं काम होण्याची शक्यता वाढते. वाईट भाग चांगल्या भागापासून वेगळा काढता येत असेल तर तेवढाच काढला जातो, म्हणून नेमकं पोटकलम सांगा.

तपासा: हा प्रश्न आधीच निकालात निघाला आहे का? दोनपेक्षा जास्त अपत्यांमुळे सदस्यत्व गेलेले लोक ती अटच घटनाबाह्य आहे म्हणून येतात. हरियाणाच्या तशाच अटीला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवलं आहे, आणि अनुच्छेद १४१ प्रमाणे तो निकाल सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक आहे. तिथे अपत्याची जन्मतारीख, पुरावा, सुनावणी यांवर लढा, अटीवर नको.

तपासा: कायदा नवव्या अनुसूचीत आहे का? सीलिंगच्या जमिनीबद्दल विचारणाऱ्यांनी हे आधी बघावं, कारण १९६१ चा महाराष्ट्र शेतजमीन कमाल धारणा कायदा त्या अनुसूचीत आहे. तिथल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या कारणावरून सहज हात लागत नाही. २४ एप्रिल १९७३ नंतर त्या अनुसूचीत टाकलेले कायदे मात्र संविधानाच्या मूलभूत चौकटीच्या, म्हणजे संसदेलाही मोडता न येणाऱ्या गाभ्याच्या, कसोटीवर तपासता येतात, असं नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जानेवारी २००७ मध्ये ठरवलं.

४. फाइल बांधा

याचिका वकील लिहितो, पण फाइल पक्षकाराची असते. ती अर्धवट असेल तर नागपूरचा कितीही मोठा वकील काही करू शकत नाही.

सुरुवात तारखांच्या यादीपासून करा. एका कोऱ्या पानावर डावीकडे तारीख, उजवीकडे काय घडलं, एवढंच. "नंतर साहेब भेटले नाहीत" असली वाक्यं नकोत. तारीख आठवत नसेल तर ती ओळ सोडा आणि कागदावरून शोधा. ही यादी झाली की कुठला कागद कमी आहे ते आपोआप दिसतं.

मग कागद जुन्यापासून नव्याकडे लावा. सातबारा, फेरफार, ग्रामसभेचा ठराव, नोटीस, उत्तर, आदेश, आणि ज्याला आव्हान द्यायचं तो कागद. आदेशाची प्रमाणित प्रत घ्या. ग्रामसभेच्या ठरावाच्या नकलेवर ठराव क्रमांक, सभेची तारीख आणि सचिवाची सही असायलाच हवी. पानांना आधी पेन्सिलने क्रमांक द्या, कारण मधे कागद वाढतातच.

निवेदन दिलं असेल तर त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतलेला हवा. सरकारने अमुक करावं असा आदेश मागताना, आधी मागणी केली होती आणि ती नाकारली किंवा दुर्लक्षित झाली, हे दाखवावं लागतं. शिक्का नसलेलं निवेदन पुरावा म्हणून लंगडं पडतं. टपाल शाखेतला बाबू शिक्का देत नसेल तर तेच निवेदन स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

कार्यालयातली टिपणी किंवा मूळ प्रस्ताव हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. तीन विषय कोंबले की अर्ज परत येतो. "का केलं" असं विचारू नका, "अमुक प्रस्तावाच्या टिपणीची प्रत द्या" असं मागा.

भाषेचंही बघून ठेवा. अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. दिल्लीला जायचं झालं तर प्रत्येक मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. पोटखराब, धुरा, पांदण, गावठाण, झुडपी जंगल असल्या शब्दांचं भाषांतर शहरातला माणूस हमखास चुकवतो. भाषांतर झालं की ते गावातल्या जाणत्या माणसाकडून मूळ कागदाशी ताडून घ्या. एका शब्दाने जमिनीचा प्रकार बदलतो.

सावध: मूळ कागद कुणालाही देऊ नका, वकिलालाही नाही. छायाप्रती द्या, मूळ दाखवायला सोबत न्या.

५. याचिका कुणाच्या नावाने?

ज्याला प्रत्यक्ष झळ बसली, तो सर्वात चांगला अर्जदार. गावाची पाचशे नावं घालून याचिका मोठी होते, मजबूत होत नाही. तीन-चार माणसं निवडा, ज्यांचे कागद पूर्ण आहेत आणि ज्यांच्यावर काही थकीत वा अतिक्रमणाचं लचांड नाही.

जनहित याचिका हा वेगळा प्रकार आहे. त्यात स्वतःचा स्वार्थ नाही हे शपथेवर सांगावं लागतं. स्वतःच्या शेताचा वाद जनहित म्हणून आणला तर याचिका जाते, वर खर्च बसू शकतो. नोकरी, बदली, बढतीच्या प्रकरणात जनहित याचिका चालत नाही.

समोरचे पक्ष नीट घाला. राज्य शासन संबंधित विभागाच्या सचिवांमार्फत, शिवाय ज्याने आदेश काढला तो अधिकारी. तुमच्या यशाने ज्याचं नुकसान होणार आहे त्यालाही पक्षकार करा, नाहीतर तो उद्या उठून निकाल उलटवायला जाईल. कायद्याच्या वैधतेचा प्रश्न असेल तर राज्याच्या कायद्यासाठी महाधिवक्त्यांना आणि केंद्राच्या कायद्यासाठी महान्यायवाद्यांना नोटीस जाते.

६. वकील आणि खर्च

महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुका विधी सेवा समिती तुमच्या तालुका कोर्टातच बसते, नागपूरच्या खंडपीठासाठीही विधी सेवा समिती आहे आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. मोफत वकील म्हणजे हलका वकील, हा समज काढून टाका.

७. नागपूर खंडपीठ

विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे. इथे अनुच्छेद २२६ खाली याचिका जाते. लोकांना वाटतं मोठं कोर्ट म्हणजे मोठा अधिकार, म्हणून दिल्लीच बरी. उलट आहे. अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात थेट जाता येतं ते फक्त मूलभूत हक्कांसाठी. अनुच्छेद २२६ त्याहून रुंद आहे: मूलभूत हक्क, साधा कायदेशीर हक्क, नियम अधिनियमाबाहेर गेला हा मुद्दा, सगळं इथे मांडता येतं. वर सांगितलेलं जिल्हा परिषदेचं प्रकरण अनुच्छेद ३२ खाली थेट गेलं होतं हे खरं, पण त्याच्या पाठीशी घटनापीठाचा आधीचा निकाल होता. एरवी थेट गेलेल्याला "आधी उच्च न्यायालयात जा" असं सांगून परत पाठवणं नेहमीचं आहे.

क्रम असा चालतो. शपथपत्रासह याचिका दाखल होते. कार्यालय ती तपासून हरकती काढतं: पान वाचता येत नाही, अनुक्रमणिका जुळत नाही, भाषांतर नाही. या हरकती दिलेल्या मुदतीत दूर केल्या नाहीत तर गुणदोषांवर एक शब्दही न ऐकता याचिका निकाली निघू शकते. म्हणून दाखल केल्यावर आठवड्याने वकिलाला हरकतींबद्दल विचारा. अधिनियमाच्या वैधतेचं प्रकरण दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे जातं. पहिल्या सुनावणीत बहुधा समोरच्याला नोटीस निघते. पुढे कोर्ट "रूल" देतं, म्हणजे याचिका अंतिम सुनावणीसाठी दाखल करून घेतली.

सावध: नोटीस म्हणजे स्थगिती नाही. रूल म्हणजे जिंकणं नाही. नोटीस निघाली म्हणून गावात गुलाल उधळला आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी आला, असं होतं.

स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि अख्ख्या अधिनियमाला ती क्वचितच मिळते, कारण तो वैध आहे असं गृहीत असतं. मागणी अशी लिहायला सांगा की कायद्याखाली तुमच्यावर निघालेल्या आदेशाची, उदाहरणार्थ जागा खाली करण्याच्या नोटिशीची, अंमलबजावणी निकालापर्यंत थांबवावी. असं मागणं पुष्कळ वेळा पदरात पडतं.

अनुच्छेद २२६ ला ठरावीक मुदत लिहिलेली नाही, पण उशीर झाला तर कारण विचारलं जातं. "निवेदनं देत होतो" हे कारण फार काळ पुरत नाही.

८. न्यायाधीश कोण, आणि तुमच्या हातात काय

"अमुक साहेब बेंचवर आले की टाकू", "मंत्र्यांच्या ओळखीने न्यायाधीश बदलून घेऊ", असं उघड बोललं जातं. ही नेमणूक कशी होते हे कळलं की असली भाषा आपोआप थांबेल.

तालुक्याचे दिवाणी न्यायाधीश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात. वर परीक्षा नाही. उच्च न्यायालयासाठी मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीश मिळून नावं सुचवतात, काही वकिलांतून, काही जिल्हा न्यायाधीशांतून. नाव मुख्यमंत्री व राज्यपालांकडे, मग केंद्राच्या विधी मंत्रालयाकडे जातं, गुप्तचर विभागाचा अहवाल येतो. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीश त्यावर मत देतात. शेवटी राष्ट्रपतींची सही. सर्वोच्च न्यायालयासाठी सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीश, असं पाच जणांचं न्यायवृंद नाव ठरवतं. सरकार नाव फेरविचारासाठी परत पाठवू शकतं, पण न्यायवृंदाने तेच नाव पुन्हा पाठवलं तर नेमणूक करणं सरकारवर बंधनकारक मानलं जातं. फाइल किती दिवसांत हलावी याला मात्र पक्की मुदत नाही, आणि जागा रिकाम्या राहण्याचं ते एक मोठं कारण आहे. माझ्या मते ही मुदत ठरायला हवी. तिची किंमत तारखेला एसटीने नागपूर गाठणारा माणूस मोजतो.

पायऱ्या कशा चढल्या जातात ते अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या वाटचालीत स्पष्ट दिसतं. १९८५ पासून वकिली, नागपूर खंडपीठात सरकारी वकील, नोव्हेंबर २००३ मध्ये उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश, नोव्हेंबर २००५ मध्ये कायम, मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणि १४ मे २०२५ ला सरन्यायाधीश. २३ नोव्हेंबर २०२५ ला निवृत्त. सर्वोच्च न्यायालयात निवृत्तीचं वय ६५, उच्च न्यायालयात ६२. वय झालं की सरन्यायाधीशही एक दिवस जास्त थांबत नाहीत, म्हणून एखाद्या न्यायाधीशाच्या भरवशावर याचिका राखून ठेवणं व्यर्थ आहे.

ही पद्धत बदलायचा प्रयत्न झाला होता. २०१४ च्या ९९ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. संसदेने मंजूर केला, निम्म्याहून जास्त राज्यांनी दुजोरा दिला. तरी १६ ऑक्टोबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती चार विरुद्ध एक मताने रद्द केली, कारण न्यायपालिकेचं स्वातंत्र्य हा संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग. त्या चौकटीचा सिद्धांत १९७३ चा, केशवानंद भारती प्रकरणातला, तेरा न्यायाधीशांच्या पीठात सात विरुद्ध सहा मतांनी ठरलेला. साधा अधिनियम तर सोडाच, घटनादुरुस्तीही या कसोटीतून जाते.

तुमच्या हातात काय आहे? कोणतं प्रकरण कोणत्या पीठापुढे जाईल हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. तुम्हाला निवड नाही. एखाद्या न्यायाधीशाने वकील असताना तुमच्याच प्रकरणात समोरच्याची बाजू घेतली होती, असं ठोस कारण असेल तर वकिलामार्फत ते कोर्टापुढे मांडा, न्यायाधीश बाजूला होऊ शकतात. न्यायाधीशांना खासगी पत्र लिहिणं, घरी जाणं, आमदाराकरवी निरोप पाठवणं यातलं काहीही करू नका. त्यात अवमानाचा धोका आहे आणि प्रकरणाची इज्जत जाते. न्यायाधीशाला पदावरून काढायला संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. निकाल विरोधात गेला म्हणून कुणाला काढता येत नाही.

९. दिल्ली

नागपुरात हरलात, तर निकाल ऐकल्याबरोबर दोन गोष्टी वकिलाला सांगा. एक, संविधानाच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर अपिलासाठीचं प्रमाणपत्र तिथेच तोंडी मागायचं. दोन, स्थगिती चालू असेल तर ती काही आठवडे पुढे चालू ठेवण्याची विनंती करायची. लोक दुसरी गोष्ट विसरतात आणि दिल्लीचा वकील शोधेपर्यंत घर पडतं.

प्रमाणपत्र नाही मिळालं तर अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती याचिका. मुदत उच्च न्यायालयाच्या निकालापासून ९० दिवस. प्रमाणपत्र नाकारलं असेल तर त्या तारखेपासून ६० दिवस. सर्वोच्च न्यायालयात कागद दाखल करण्याचा अधिकार फक्त तिथल्या "ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड" या वर्गातल्या वकिलांना आहे. तुमचा नागपूरचा वकील तिथे बाजू मांडू शकतो, पण दाखल त्यांच्यामार्फतच. मध्यस्थ शोधू नका. नागपूरच्या वकिलाकडून थेट त्या वकिलाचं नाव घ्या आणि विधी सेवेला पात्र असाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

ही याचिका म्हणजे अपील नाही. आधी अनुमती, मग अपील. एका वाक्यात फेटाळली गेली तर उच्च न्यायालयाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं असा त्याचा अर्थ होत नाही. अनुमती दिली म्हणून जिंकलात असंही नाही. संविधानाच्या अर्थाचा गंभीर प्रश्न असेल तर अनुच्छेद १४५ प्रमाणे किमान पाच न्यायाधीश बसावे लागतात. २०१९ पासून सरन्यायाधीशांसह ३४ पदं मंजूर झाली, त्यातून पाच जण एका प्रकरणासाठी बाजूला काढायचे म्हणजे वेळ लागणारच. तेवढी तयारी मनाची आणि खिशाची ठेवा.

जिंकला असाल तर उलट काम करा: सर्वोच्च न्यायालयात कॅव्हेट टाका, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्थगिती मिळणार नाही. ती ९० दिवस चालते.

१०. निकाल हातात आल्यावर

पेपरातला मथळा म्हणजे निकाल नव्हे. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाबद्दल, म्हणजे महसूल दप्तरात तशी नोंद असलेल्या जमिनींबद्दल, निकाल दिला. काही गावांत बातमी पोचली की सगळ्यांची घरं गेली, काहींत पोचली की सगळी वाचली. मूळ निकालात सगळा भर १२ डिसेंबर १९९६ या तारखेवर आहे. त्या तारखेआधी झालेल्या वाटपासाठी राज्याने प्रस्ताव करण्याची वाट आहे, नंतरच्या वाटपाला कडक अटी आणि अधिकाऱ्यांची जबाबदारी. ज्याचं वाटपपत्र १९९४ चं आहे आणि ज्याचं १९९८ चं आहे, त्यांच्यासाठी हा एकच निकाल दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. शेवटची पानं, जिथे क्रमांक टाकून निर्देश दिलेले असतात, ती आधी वाचा आणि आपला कागद तारीख बघून कुठे बसतो ते ठरवा. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांची मराठी भाषांतरं संकेतस्थळावर मोफत असतात. ती समजून घ्यायला वापरा, अर्जाला मात्र इंग्रजी मूळ प्रत जोडा.

कायदा पडला तरी विधिमंडळ उणीव दूर करून नवा कायदा करू शकतं. म्हणून निकालानंतर राजपत्रावर आणि शासन निर्णयांवर लक्ष असू द्या.

तहसील किंवा जिल्हा परिषद निकाल आपणहून लागू करेल अशी वाट बघू नका. प्रमाणित प्रत घ्या. एक पानी अर्ज लिहा: निकालाची तारीख, याचिका क्रमांक, कोणत्या परिच्छेदात तुमच्याबद्दल काय निर्देश आहे, आणि कार्यालयाने काय करायचं आहे. प्रत जोडून आवक-जावकमध्ये द्या आणि शिक्का घ्या. वाजवी वेळ द्या, एक स्मरणपत्र द्या, त्यावरही शिक्का. तरी हललं नाही तर उच्च न्यायालयात अवमान याचिका करता येते. अवमान घडल्यापासून एक वर्षाच्या आत ती दाखल करावी लागते, म्हणून पहिल्या अर्जावरच्या शिक्क्याची तारीख फाइलच्या मुखपृष्ठावर ठळक लिहून ठेवा.